नाव नसलेल्या बाळांची नोंद

हिवरखेडच्या पलीकडच्या एका लहान गावात एकतीस मुलांचं नाव 'बाळ' होतं. हे मला अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या ऑफिसात बसून कळलं. मी कॉम्प्युटरवर यादी वरून खाली वाचत होते. बाळ, बाळ, बाळ, मधेच एक 'बाल', मग पुन्हा बाळ. खालच्या मजल्यावर ट्यूशन क्लासचे सर माइकवरून रसायनशास्त्र शिकवत होते, आणि वर मी एकटीच हसत होते.

ते ॲप मीच बनवलं होतं. एका संस्थेला अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या काही गावांच्या लसीकरणाच्या नोंदी मोबाईलवर हव्या होत्या. उपकेंद्राच्या सिस्टरनं बाळाला सुई दिली की तिथल्या तिथं मोबाईलवर नोंद करायची, आणि कोणत्या बाळाची कोणती लस राहिली हे संस्थेला अकोल्यात बसून दिसायचं, असा बेत होता. संस्थेनं आम्हाला चार पानं लिहून दिली होती. काय काय विचारायचं ते त्यात होतं, आणि ज्याच्यापुढं फुली असेल ते सक्तीचं. बाळाच्या नावापुढं फुली होती. मी त्या चार पानांप्रमाणे सगळं केलं. पुण्यात आठ-नऊ वर्षं मोठ्या कंपन्यांची कामं करून मी इकडं परत आले होते, त्यामुळं एवढंसं ॲप म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ, असं मला वाटत होतं.

यादी आमच्या सरांना दाखवली. सर म्हणजे कंपनीचे मालक, पाच माणसांच्या कंपनीत असतात तसे, सगळ्यात हात घालणारे. ते म्हणाले, सिस्टर कंटाळा करत असतील, 'बाळ' हा शब्दच बंद करून टाक. मी दहा मिनिटांत तो बंद केला. आता कोणी 'बाळ' लिहिलं की लाल अक्षरांत सूचना येई : कृपया खरे नाव लिहा.

पुढच्या आठवड्यात त्या गावातून नव्या नोंदी आल्या. सगळ्या मुलींचं नाव छकुली होतं आणि सगळ्या मुलांचं बाबू.

या वेळी मी हसले नाही. मी दार लावलं होतं आणि पलीकडून कोणीतरी खिडकीतून शांतपणे आत आलं होतं. ती बाई कोण आहे हे पाहायची मला फार उत्सुकता लागली. आणखी एक गोष्ट होती. लसीकरण दर बुधवारी सकाळी सुरू होऊन दोनपर्यंत संपतं, पण त्या गावच्या साऱ्या नोंदी पाच ते साडेसहाच्या दरम्यान झालेल्या दिसत होत्या. सर म्हणाले की तिथं रेंज नसेल. रेंज नसली तरी नोंद करायची सोय मीच केली होती, आणि नोंदीची वेळ मोबाईल स्वतःच टिपत होता. दोन महिने हे असंच चाललेलं पाहून मी एक दिवस मागून घेतला आणि अकोटमार्गे एसटीनं हिवरखेडला, तिथून पुढं ऑटोनं त्या गावाला गेले.

सिस्टर पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. बारीक अंगाच्या, केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं. ॲप कसं वाटतं? चांगलं आहे. काही अडचण? काई तरास नाई. नाव लिहायला अवघड जातं का? नाई मॅडम, चांगलं आहे. मी वहीत दहा प्रश्न लिहून नेले होते. दहाच्या दहा उत्तरं घेऊन मी रस्त्यावर ऑटोची वाट पाहत उभी राहिले, तेव्हा मला जाणवलं की आपल्याला काहीच कळलेलं नाही.

गावातल्या आशाताई तिथंच कट्ट्यावर बसल्या होत्या. घरोघरी जाऊन आयांना लसीकरणाला बोलावून आणायचं काम त्यांचं. माझ्या वहीकडं पाहत त्या म्हणाल्या, "तुमी इचारलं त कोनीबी चांगलंच म्हनन. बुधवारी या. काई इचारू नका, नुसतं बसून पाहा."

बुधवारी मी सकाळीच गेले. आदल्या रात्री अकोल्याला आईकडं मुक्काम केला होता. उपकेंद्राच्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती, लसीचा निळा डबा सावलीत ठेवलेला होता, आडव्या लोखंडी दांड्याला वजनाचा काटा आणि त्याला झोळी टांगलेली. मी कोपऱ्यात बसले आणि वही बंद ठेवली.

पहिलं बाळ आलं तेव्हाच मला माझी पहिली चूक दिसली. सिस्टरचे दोन्ही हात कामात होते. एका हातात सुई, दुसऱ्यानं बाळाची मांडी धरलेली. सुई झाली की कापूस दाबायचा, मग दुसऱ्या मांडीत दुसरी, मग तोंडात पोलिओचे थेंब. आई घाबरलेली असली तर बाळ डाव्या हातावर घ्यायचं. मी ॲप बनवताना माझ्या मनात खुर्चीवर बसलेली, दोन्ही अंगठे मोकळे असलेली एक बाई होती. तशी बाई त्या ओट्यावर दिवसभरात एकदाही दिसली नाही. शिवाय अकरा वाजता ऊन सरकत ओट्यावर आलं आणि मोबाईलवर काहीच दिसेना. मी निवडलेला फिकट निळा रंग राजापेठेतल्या ट्यूबलाइटखाली फार सुंदर दिसायचा.

सिस्टर मोबाईलकडं पाहतच नव्हत्या. त्यांच्या मांडीशी एक लांबट रजिस्टर उघडं होतं. प्रत्येक बाळामागं त्या अर्धं मिनिट त्यात काहीतरी खरडायच्या आणि पुढच्या बाळाकडं वळायच्या. दुपारी सगळे गेल्यावर त्यांनी डबा खाल्ला, दोन घरी जाऊन आल्या, आणि पाचला चष्मा लावून बसल्या. रजिस्टर डावीकडं, मोबाईल उजवीकडं. एक एक ओळ त्या ॲपमध्ये उतरवू लागल्या. माझं ॲप त्यांचं काम हलकं करणार होतं, त्यानं त्यांच्या दिवसाला दीड तास वाढवला होता. आणि आम्ही अमरावतीत त्याच नोंदी मोजून म्हणत होतो की वापर छान होतोय.

मी रजिस्टर मागून घेतलं. त्यात काही अक्षरं पेननं होती आणि काही पेन्सिलीनं. आधी वाटलं की हाताला जे लागलं त्यानं लिहिलं असेल. पण पानं उलटत गेले तसं लक्षात आलं की तारीख, लस, वजन हे नेहमी पेननं, आणि कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरांत : 'माहेरी, दर्यापूर, संक्रांतीनंतर येईल.' दुसरीकडं : 'पहिली सुई माहेरी झाली म्हणते, कार्ड पाहणे.' मी विचारलं की हे पेन्सिलीनं का.

"जे पक्कं नाई ते पेन्सिलनं," सिस्टर म्हणाल्या. "कार्ड डोयानं पाह्यलं का मंग पेननं."

स्वतःच्या कामाच्या पद्धतीबद्दल त्या माझ्याशी 'चांगलं आहे' याहून वेगळं वाक्य पहिल्यांदा बोलल्या होत्या. आणि मी विचार करत बसले की माझ्या ॲपमध्ये पेन्सिल कुठं आहे? कुठंच नव्हती. माझ्या ॲपला एक तर लस झालेली माहीत होती, नाही तर राहिलेली. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते, दोन-तीन महिने तिथं राहते, बाळाची पहिली सुई तिथल्या सिस्टरकडं होते, हे मला जन्मापासून माहीत होतं. माझ्या आईचंही तसंच झालं होतं. पण ॲपमध्ये गाव एकच लिहिता येत होतं. त्यामुळं माहेरी गेलेली सगळी बाळं अकोल्याच्या ऑफिसात लाल रंगात दिसायची, आणि तिथून सिस्टरना फोन यायचा की तुमच्या गावात इतकी मुलं राहिली कशी.

नावाचंही मग सांगितलं त्यांनी. दीड महिन्याच्या बाळाला पुष्कळदा नावच ठेवलेलं नसतं. बारसं व्हायचं असतं, आत्या यायची असते. दवाखान्यातसुद्धा 'अमुकचं बाळ' एवढंच लिहितात. त्यांनी तेच लिहिलं होतं. मग तुमचं ते लाल अक्षर आलं, त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस आला म्हणून छत्री घेतली, असं सांगावं तसं सांगितलं.

त्या बुधवारी दुपारी, ओटा रिकामा होत असताना, एक बाई मुलगी कडेवर घेऊन आली होती. गावाबाहेरच्या वस्तीवरून चालत आलेली, पायांवर धूळ. सिस्टरनी तिच्या मुलीला सुई दिली आणि हळूच मला म्हणाल्या की ही सुई महिन्यापूर्वीच व्हायला हवी होती. महिन्यापूर्वी सिस्टर ट्रेनिंगला गेल्या होत्या आणि दुसऱ्या गावच्या सिस्टर आल्या होत्या. त्यांना रजिस्टरचा अंदाज नव्हता, त्यांनी मोबाईल पाहिला. मोबाईलवर आलं की या मुलीची ही लस झालेली आहे. त्यांनी बाईला परत पाठवलं.

कसं झालं हे मला तिथंच, उभ्या उभ्या कळलं. एकाच बाळाची दोनदा नोंद होऊ नये म्हणून मी एक युक्ती केली होती. बाळाचं नाव, आईचं नाव, आडनाव आणि गाव सारखं असलं की दोन्ही नोंदी एक करायच्या. त्या गावात अर्ध्या घरांचं आडनाव एक. या बाईच्याच नावाची आणखी एक सून दोन गल्ल्या सोडून होती, तिलाही मुलगी होती. दोघींच्या मुली माझ्या ॲपसाठी छकुली. पहिल्यांदा सिस्टर 'बाळ' लिहीत होत्या तेव्हा ओळख पटावी म्हणून आईच्या नावापुढं आजीचंही नाव जोडायच्या, म्हणून बचावलं होतं. मी 'बाळ' बंद केलं, नाव आलं म्हणून आजीचं नाव जोडणं थांबलं, आणि दोन मुलींची एक मुलगी झाली.

सिस्टरनी तिला सांगितलं की मोबाईलचं ते या मॅडमनं बनवलं आहे. बाईनं माझ्याकडं पाहिलं. वयानं तेवीस-चोवीसची असेल. मुलगी रडून दमून तिच्या खांद्यावर टेकली होती.

"तवा माह्या पोरीचं नाव ठेवलं नोतं," ती म्हणाली. "नाव नाई म्हनून सुई नाई, असं असते का?"

मी चूक माझी होती असं म्हणाले. ती मान हलवून सतरंजीवर बसली, कारण सुईनंतर अर्धा तास थांबावं लागतं. तो अर्धा तास मीही तिथंच होते. मुलीला उशिरामुळं काही झालं नाही, सिस्टरनी मला दोनदा सांगितलं. पण परतीच्या एसटीत मला सारखं आठवत होतं की तो नियम लिहिताना मी स्वतःवर किती खूश झाले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी दोन नोंदी एक करणारा नियम काढून टाकला आणि जिथं जिथं तसं झालं होतं त्या सगळ्या गावांची यादी करून तिथल्या सिस्टरना फोन केले. आणखी चार ठिकाणी गोंधळ निघाला, पण तिथं कोणी परत गेलं नव्हतं. सरांनी ती यादी वाचली. मग म्हणाले, नावाची सक्ती मात्र आपल्याला काढता येणार नाही, ती संस्थेच्या कागदात आहे, त्यासाठी अकोल्याला भेटावं लागेल. आणि भेटायचं तर रिकाम्या हातानं जाऊ नकोस.

म्हणून मी पुढचे तीन बुधवार दुपारनंतर त्या उपकेंद्रात गेले. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे मोबाईलएवढे तुकडे कापले आणि त्यांवर स्केचपेननं ॲपची पानं काढली. सिस्टरनी पुठ्ठ्यावरच्या बटणावर बोट ठेवलं की मी तो पुठ्ठा काढून पुढचा समोर धरायचा. म्हणजे मोबाईल मी झाले होते. आशाताई टॉवेलची गुंडाळी कडेवर घेऊन आई व्हायच्या आणि मधूनच रडायच्या, बाळाच्या वतीनं.

पहिल्याच दिवशी सिस्टर एका बटणाशी अडल्या. तिथं मी 'जतन करा' लिहिलं होतं. त्यांनी चष्म्यातून पुठ्ठ्याकडं, मग माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं की काय जतन करायचं. मी इतकी वर्षं प्रत्येक कामात हा शब्द लिहीत आले होते, आणि तो मला कोणी असा विचारला नव्हता. तुम्ही काय म्हणाल, मी विचारलं. त्यांनी नोंद पुरी झाल्यावर रजिस्टर मिटताना जे म्हणतात तेच सांगितलं : "झालं." बटणावर आता तेच आहे.

यादीचंही तसंच. मी बाळांची यादी नावाच्या अक्षरांप्रमाणे लावली होती. सिस्टरच्या डोक्यात गाव गल्लीनं होतं. मारुतीच्या देवळापासून सुरू करून शाळेपर्यंत, घरामागून घर. बाळ म्हणजे त्यांच्यासाठी कोणाची सून, कोणतं घर. मी पुठ्ठे रस्त्याच्या क्रमानं लावले आणि त्यांचं बोट न शोधता घरावर जाऊ लागलं.

सगळं असंच जमत गेलं असं नाही. बोलून नोंद करायची एक कल्पना मला फार आवडली होती. हात गुंतलेले असतात ना, मग आईचं नाव नुसतं तोंडानं म्हणायचं. ते मी खऱ्या मोबाईलवर करून एका बुधवारी सकाळीच नेलं. ओट्यावर सहा बाळं एकदम रडत होती. सिस्टर नाव म्हणाल्या आणि मोबाईलनं लिहिलं, 'आई गं आई गं'. आशाताई हसून हसून खाली बसल्या. ती कल्पना तिथंच संपली.

पेन्सिल मात्र सगळ्यांना कळली. लसीच्या चौकोनाला एकदा दाबलं की राखाडी खूण, म्हणजे ऐकलेलं. कार्ड पाहिल्यावर पुन्हा दाबलं की काळी, म्हणजे पाहिलेलं. शेजारी एक लहान चौकट : माहेर. तिथं गाव लिहा, संक्रांतीनंतर लिहा, काहीही लिहा. आणि सगळं एका अंगठ्यानं, पांढऱ्यावर काळं, उन्हात दिसेल असं.

पुठ्ठे घेऊन मी अकोल्याला गेले. संस्थेच्या अधिकारी साहेबांना मीच विनंती केली होती की सिस्टरनाही बोलवा, त्यांच्याच तोंडून ऐका. सिस्टर धुतलेली कडक साडी नेसून आल्या होत्या. टेबलाभोवती सहा माणसं. साहेब वाईट नव्हते, त्यांना खरंच मुलांच्या लसी व्हायला हव्या होत्या. त्यांनी सिस्टरना आदरानं विचारलं की आत्ताचं ॲप कसं वाटतं.

"चांगलं आहे साहेब," सिस्टर म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी सिस्टरकडं. त्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडं पाहत होत्या. नंतर मी पुठ्ठे दाखवले, पण बैठक तिथंच संपली होती. पाहू, असं ठरलं.

एसटी स्टँडपर्यंत मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. राग आला होता. हिवरखेडच्या गाडीला वेळ होता, बाकावर बसून आम्ही चहा घेतला, आणि त्या स्वतःच म्हणाल्या, "मॅडम, तिथं मी म्हटलं का हे जमत नाई, त साहेब काय आयकतीन? का सिस्टरले मोबाईल येत नाई. तीस वर्स सुया देल्या मी. आता जाता जाता ते मले आयकाचं नाई."

माझा राग गेला तो गेलाच. ॲप वाईट आहे असं म्हटलं की ऐकणाऱ्याला बाई अडाणी आहे असं ऐकू येतं, हे मला ठाऊक नव्हतं. आणि मी स्वतः, त्या सरांच्या खोलीत, 'कंटाळा करत असतील' हे ऐकून लगेच मान डोलावली होती.

मी साहेबांना फोन करून एवढंच म्हटलं की एका बुधवारी तुम्ही या. ते आले. स्वच्छ पांढरा शर्ट, गाडी सावलीत लावलेली. सिस्टर आपल्या कामात होत्या. साहेब थोडा वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, आणा, एक नोंद मी करून बघतो. मोबाईलमध्ये जुनंच ॲप होतं. त्यांनी ते उघडलं, आणि तेवढ्यात समोरच्या बाईचा मोठा मुलगा रस्त्याकडं पळाला. बाईनं जवळ जो होता त्याच्या हातात बाळ दिलं आणि मुलामागं धावली. जवळ साहेब होते.

बाळ डाव्या हातावर, मोबाईल उजव्यात. त्यांनी अंगठ्यानं वरपर्यंत पोचायचा प्रयत्न केला. मग ऊन लागलं म्हणून पाठ फिरवली, तर बाळाच्या तोंडावर ऊन आलं, म्हणून पुन्हा फिरले. आई मुलाला ओढत परत आली तेव्हा ते नावापाशी पोचले होते. त्यांनी नाव विचारलं.

"ठेवलं नाई अजून," ती म्हणाली. "आत्याबाई यायच्या आहेत."

साहेबांनी काही तरी लिहिलं. त्यांनी काय लिहिलं हे मी नंतर ऑफिसात मुद्दाम पाहिलं. 'बेबी' लिहिलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

बाळ आईकडं देऊन साहेब गाडीकडं गेले. दोन दिवसांनी सरांना फोन आला की नावाची सक्ती काढा, माहेरची चौकट ठेवा, यादी गल्लीनं लावायला हरकत नाही. आईचा आधार क्रमांक मात्र सक्तीचाच राहिला. त्यासाठी मी तीनदा अकोल्याला गेले, पण ते काही हललं नाही. म्हणून सिस्टर अजूनही तो रजिस्टरमध्ये लिहून ठेवतात आणि दुपारी भरतात. बाकीची नोंद ओट्यावरच होते. पहिल्या महिन्यात मी नोंदींच्या वेळा पाहत होते : सव्वादहा, दहा एकवीस, दहा अठ्ठावीस. बाळांच्या वेळा सकाळच्या झाल्या होत्या. खालच्या मजल्यावर रसायनशास्त्र चालू होतं आणि मी त्या वेळा पुन्हा पुन्हा वाचत होते.

नावं नंतर येऊ लागली, एकेक करून. बारसं झालं की आई ओट्यावर येऊन सांगते आणि सिस्टर रिकामी जागा भरतात. कोणी सांगायला येईल असं सरांना वाटलं नव्हतं. पण नाव ठेवल्यावर ते सांगितल्याशिवाय कोण राहतं? त्या वस्तीवरच्या बाईच्या मुलीचंही नाव आलं. मी ते वाचलं, इथं लिहीत नाही.

मग ॲप अंजनगाव सुर्जीकडच्या गावांत गेलं, आणि एक नवीनच गोष्ट घडली. तिथल्या एका सिस्टर माहेरच्या चौकटीत लिहीत होत्या, 'पानमळा, अकरानंतर'. एकदा नाही, सात-आठ बायांपुढं तेच. या सगळ्यांचं माहेर एकच कसं, आणि अकरानंतर म्हणजे काय, म्हणून मी अंजनगावला गेले. बाया पहाटे पानमळ्यात विड्याची पानं खुडायला जातात, खुडलेली पानं निवडून लावतात, आणि अकराच्या आधी मोकळ्या होत नाहीत. लसीकरण मात्र दहाला सुरू व्हायचं. त्या सिस्टरला माहेराशी काही देणंघेणं नव्हतं. तिला लिहायला एक मोकळी जागा दिसली, आणि तिला जे आठवायला हवं होतं ते तिनं तिथं लिहिलं. तिथल्या आशाताई आता आधी गावातल्या बाळांना बोलावतात आणि पानमळ्यातल्या आयांना अकरानंतर.

परत येऊन मी त्या चौकटीचं नाव बदललं. 'माहेर' काढून 'आई कुठे भेटेल' असं लिहिलं. सर म्हणाले की असं कुठं ॲपमध्ये लिहितात का. मी म्हणाले की लिहून पाहू. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चौकटीत पहिली नोंद आली. दर्यापूरकडच्या एका गावातली होती, कोणा सिस्टरची मला माहीत नाही.

'घरी कुलूप असते. शेजारच्या काकूले विचारा.'